मतदार वेबसाइटवर येतो कशासाठी? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नाशिक महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. एवढ्या काळात मतदाराच्या हातातला फोन बदलला, पण स्थानिक संस्थांच्या वेबसाइटवरची मतदार माहितीची पानं बऱ्याच ठिकाणी जुन्याच घडीची राहिली. ती नव्याने कशी बांधावीत याबद्दलचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात.

प्रश्न: एका स्थानिक संस्थेच्या निवडणूक विभागाची वेबसाइट नव्याने करायचं काम आमच्याकडे आलं आहे. साहेबांना आधी होमपेजचं डिझाइन बघायचं आहे. तिथूनच सुरुवात करावी का?
(वेब डेव्हलपर, गंगापूर रोड)

नको. होमपेज सगळ्यात शेवटी करा. आधी मतदाराचे प्रश्न गोळा करा. ते तीन ठिकाणी आयते मिळतात: हेल्पलाइनवरच्या नोंदवहीत, विभागीय कार्यालयाच्या खिडकीवर, आणि जुन्या वेबसाइटच्या शोधपट्टीत लोकांनी काय टाइप केलं त्याच्या लॉगमध्ये. तिन्हीकडे सहा प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. माझं नाव यादीत आहे का? माझा प्रभाग कोणता? बूथ कुठे? मतं किती द्यायची? कार्ड सापडत नाही, दुसरं काय चालेल? उमेदवार कोण आहेत?

आता बहुतेक साइट्सचा मेनू बघा. आदेश, अधिसूचना, परिपत्रके, प्रारूप प्रभाग रचना, हरकती व सूचना, निविदा. ही कार्यालयाच्या फायलींची नावं आहेत. कर्मचाऱ्याला ती पाठ असतात, पण मतदाराला यातल्या कुठल्या फायलीत आपलं बूथ आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून सगळ्यात वर एकच पट्टी ठेवा, ‘नाव किंवा ओळखपत्र क्रमांक टाका’, आणि तिच्याखाली उरलेल्या प्रश्नांच्या लिंका मतदाराच्याच शब्दांत द्या. ‘प्रारूप यादीवरील हरकती’ऐवजी ‘नाव चुकीच्या प्रभागात गेलंय? इथे कळवा’. अधिसूचना आणि परिपत्रकं काढून टाकू नका, पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना ती लागतात. ‘कार्यालयीन कागदपत्रं’ अशा एका कप्प्यात तारखेनुसार लावा.

नाशिकमध्ये काम करताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. महापालिकेचे सहा विभाग आहेत: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक म्हणजे सिडको. विधानसभेचे मतदारसंघ मात्र नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली. नावं तीच, हद्दी वेगळ्या. सिडकोतला मतदार विधानसभेला नाशिक पश्चिममध्ये मोडतो, पण महापालिकेचा ‘नाशिक पश्चिम’ विभाग हा गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या बाजूचा. पंचवटीकर विधानसभेला नाशिक पूर्वमध्ये, पण महापालिकेच्या ‘नाशिक पूर्व’ विभागात नाहीत. त्यामुळे ड्रॉपडाऊनमध्ये नुसतं ‘नाशिक पश्चिम’ असेल तर सिडकोचा माणूस ते निवडणारच आणि त्याला नाव सापडणार नाही. एक तर असा ड्रॉपडाऊनच ठेवू नका. ठेवावाच लागला तर ‘नाशिक पश्चिम (विधानसभा)’ आणि ‘नाशिक पश्चिम विभाग (महापालिका)’ असं पूर्ण लिहा.

‘तुमचा पत्ता आमच्या हद्दीत नाही’ हेही एक उत्तर आहे आणि ते साइटने नीट दिलं पाहिजे. देवळाली कॅम्पचा कारभार छावणी परिषदेकडे आहे, भगूरला स्वतंत्र नगरपरिषद आहे. दोन्ही ठिकाणची माणसं पत्त्यात बिनदिक्कत ‘नाशिक’ लिहितात. त्यांना ‘रेकॉर्ड सापडले नाही’ असं सांगून परत पाठवलं, तर आपलं नाव कापलं गेलं असा त्यांचा समज होतो. तुमची निवडणूक कोणत्या संस्थेची, हे एका वाक्यात सांगा.

प्रश्न: नावाने शोधलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ येतं. छापील यादीत तेच नाव डोळ्यांसमोर असतं. दोष डेटात आहे की शोधात?
(संगणक विभागातील कर्मचारी, नाशिकरोड)

दोन्हींच्या मधे आहे. मतदाराने टाइप केलेलं नाव आणि यादीतलं नाव दिसायला सारखं असतं, पण आतून त्याचे कोड वेगळे असतात. ‘गोऱ्हे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी उमटतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर फरक शून्य, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी आडनावं. ‘ॲड.’मधला ॲ असाच: एक तर स्वतंत्र अक्षर, नाही तर अ आणि त्यावर चंद्र. युनिकोडचं (अक्षरांना कोड देण्याच्या प्रमाण पद्धतीचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची सोय, या दोन्ही जोड्या एक करत नाही, म्हणून ते लावूनही शोध फसतो.

उपाय असा. मूळ यादीला हात लावायचा नाही. प्रत्येक नावासाठी शेजारी एक ‘शोध-किल्ली’ तयार करून ठेवायची आणि मतदाराने टाइप केलेल्या नावालाही त्याच चाळणीतून काढायचं. चाळणीचे टप्पे:

पहिला, न दिसणारी अक्षरं काढा, ऱ चा र करा आणि अ-वर-चंद्रचा ॲ करा. मग ‘गोऱ्हे’ आणि घाईत टाइप केलेलं ‘गोर्हे’ एकाच किल्लीवर येतात.

दुसरा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा. सुनील आणि सुनिल, पाटील आणि पाटिल, प्रवीण आणि प्रविण. सरकारी यादीत दोन्ही रूपं सर्रास आहेत.

तिसरा, अनुस्वार. शिंदे आणि शिन्दे एक व्हायला हवेत. इथे नियम काटेकोर ठेवा: अर्ध्या अनुनासिकाच्या पुढे त्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी अक्षर असेल तरच त्याचा अनुस्वार करा. नाही तर ‘जगन्नाथ’चा ‘जगंनाथ’ आणि ‘अण्णा’चा ‘अंणा’ होऊन बसतो.

चौथा, श-ष, ळ-ल, ण-न या जोड्या. इथे सैल सोडलं की काळे आणि काले एकत्र येतात, म्हणून या टप्प्यावर जुळलेली नावं निकालात खाली दाखवा. तंतोतंत जुळणारी आधी, मग ऱ्हस्व-दीर्घवाली, मग ही.

पाचवा, नावामागची बाई, राव, भाऊ. मतदार ‘सुमन’ लिहितो आणि यादीत ‘सुमनबाई’ असतं. दोन्ही बाजूंनी शेपूट काढून तुलना करा.

यादीत रोमन लिपीतून परत मराठीत आलेली नावंही असतात, त्यांत ‘दन्यानेश्वर’सारखी रूपं सापडतात. ज्ञ साठी ‘दन्य’ आणि ‘द्न्य’ हा एक नियम वेगळा घाला, नाशिकमध्ये या नावाची माणसं थोडी नाहीत. रोमनमधून शोधणाऱ्यांसाठी व चे दोन्ही स्पेलिंग, डब्ल्यू आणि व्ही, एक धरा: वाघ, पवार, वाघमारे. इंग्रजीसाठी बनवलेली, उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स पद्धत मराठी नावांवर वापरू नका. आडनावाचं पहिलं रोमन अक्षर ती जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे नेमका हाच डब्ल्यू आणि व्हीचा गोंधळ तिच्याकडून सुटत नाही.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांचं नाव अनेकदा माहेरच्या आडनावाने यादीत राहिलेलं असतं. शून्य निकाल आला की ‘माहेरच्या आडनावाने शोधून पाहा’ आणि ‘फक्त पहिलं नाव आणि वय टाका’ हे दोन पर्याय लगेच पुढे करा.

ओळखपत्र क्रमांकाचा रकाना सोपा वाटतो, पण गळती तिथेही होते. हल्लीचा क्रमांक तीन रोमन अक्षरं आणि सात अंक असा दहा जागांचा. जुन्या कार्डांवर ‘एमटी’ने सुरू होणारे तिरक्या रेघांचे लांब क्रमांक आहेत. रकान्याला दहाची मर्यादा घातली की जुनं कार्ड जपून ठेवलेला ज्येष्ठ मतदार अडलाच. स्पेस, तिरकी रेघ, लहान लिपीतली अक्षरं, मराठी अंक हे सगळं स्वीकारा आणि साफसफाई सर्व्हरवर करा. शून्य आणि रोमन ओ यांची अदलाबदलही तिथेच सुधारता येते, कारण कुठे अक्षर आणि कुठे अंक हे ठरलेलं आहे.

निकालात काय दाखवायचं? नाव, वय, प्रभाग, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, बूथचा पत्ता. घर क्रमांक आणि मोबाइल नंबर दाखवू नका. मतदाराला त्यांचा उपयोग नाही, यादी खरवडून नेणाऱ्याला मात्र आहे.

बूथच्या पत्त्याला स्वतंत्र मेहनत घ्या. सरकारी नोंदीत ‘पूर्वेकडील बाजूची खोली क्र. २’ असं असतं. शाळेच्या फाटकात उभ्या माणसाला पूर्व कुठली ते सांगता येत नाही. ‘मुख्य फाटकातून आत डावीकडे, तळमजला, खोली २’ असं लिहा, सोबत नकाशाची लिंक, आणि रॅम्प कोणत्या फाटकाला आहे तेही. ही माहिती बीएलओकडून (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडून) एकदा भरून घेतली की त्याच शाळेत पुढच्या निवडणुकीलाही बरीचशी कामी येते.

प्रश्न: मतदार यादीची पीडीएफ फोनवर उघडत नाही, उघडली तर त्यात शोधता येत नाही. असं का?
(निवृत्त शिक्षक, सिडको)

दोन कारणं असतात. पहिलं, ती पीडीएफ म्हणजे छापील पानांचे स्कॅन केलेले फोटो असतात. फाइल जड होते आणि आत मजकूर नसतोच, मग शोधणार काय? दुसरं, मजकूर असला तरी तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. त्यात ‘जाधव’ शोधलं तर काही सापडत नाही.

साइट चालवणाऱ्यांनी करायचं ते असं: जे मतदाराने वाचायचं आहे ते सगळं साध्या वेबपानावर, युनिकोडमध्ये. पीडीएफ फक्त सही-शिक्क्याच्या कागदासाठी, आणि लिंकशेजारी आकार लिहिलेला: ‘पीडीएफ, ३ एमबी’. यादी द्यायचीच तर प्रभागाची एक अजस्र फाइल न करता यादी भागानुसार तोडून द्या. जुन्या फाँटचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. ती माणसाने वाचून तपासावी लागतात.

उमेदवारांच्या शपथपत्रांचंही हेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती मतदाराला मिळण्याचा हक्क मान्य झाला. हाताने भरलेल्या फॉर्मचा तिरका स्कॅन टाकला की हक्क कागदावर राहतो. निदान या तीन गोष्टी आणि प्रलंबित खटल्यांची संख्या टाइप करून एका तक्त्यात द्या, मूळ स्कॅन खाली जोडा.

प्रश्न: ‘नाव यादीत नाही, आता घाला’ अशी मागणी घेऊन लोक आमच्याकडे येतात. साइटवर नियम लिहिलेला आहे, तरी कुणी वाचत नाही.
(प्रभागातील कार्यकर्ता, जुने नाशिक)

नियम कसा लिहिला आहे ते आधी बघा. ‘विधानसभा मतदार यादी जशीच्या तशी स्वीकारण्यात येत असल्याने नवीन नावांचा समावेश करण्याबाबतच्या हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते दोनदा वाचावं लागतं. त्याऐवजी असं लिहा:

‘महापालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी प्रभागांत विभागली जाते. विधानसभा यादीत तुमचं नाव नसेल तर महापालिकेच्या यादीत ते आता घालता येणार नाही. विधानसभा यादीत आहे पण इथे दिसत नाही, चुकीच्या प्रभागात गेलं आहे, किंवा लेखनिकाची चूक आहे, तर हरकत घ्या.’

आणि लगेच खाली तारखा. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. हा एक आकडा ठळक असता तर नोव्हेंबरात नाव नोंदवणाऱ्या मुलामुलींना आपण या वेळच्या यादीत नाही हे वेळीच कळलं असतं.

त्याच पानावर पुढच्या वेळची वाटही दाखवा, म्हणजे माणूस रिकाम्या हाताने परत जाणार नाही. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलासाठी ८. पात्रतेच्या तारखा वर्षातून चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाकडे, स्थानिक निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे, हा फरक दोन ओळींत सांगा. नोंदणीची लिंक आणि १९५० हा क्रमांक पहिल्या आयोगाच्या नावासमोरच असू द्या.

नावापुढे दोन तारे दिसले की लोक घाबरतात. ती संभाव्य दुबार नावाची खूण आहे. त्याचा अर्थ आणि मतदाराने करायचं काय, हे शोधाच्या निकालातच, ताऱ्यांना लागून लिहा. तळटीप फोनवर कुणाला दिसत नाही.

आणखी एक जागा, जिथे एका वाक्याने काम होतं: ‘ओळखपत्र नसलं तरी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना यांसारखा मान्य पुरावा चालतो. पण यादीत नाव नसेल तर कोणत्याही पुराव्यावर मतदान करता येत नाही.’ दोन्ही वाक्यं एकत्रच छापा. पहिलं वाचून लोक दुसरं गृहीत धरत नाहीत.

प्रश्न: ‘चार मतं द्यायची’ हे सोप्या भाषेत कसं समजवावं?
(महाविद्यालयीन प्राध्यापिका)

आधी चित्र, मग मजकूर. नाशिकमध्ये १२२ जागा आणि ३१ प्रभाग आहेत. २९ प्रभागांत चार जागा, दोन प्रभागांत तीन. म्हणजे ‘प्रत्येकाला चार मतं’ असं सरसकट लिहिणं त्या दोन प्रभागांसाठी चूक ठरेल. मतदाराचा प्रभाग कळल्यावर त्याचाच आकडा दाखवा: ‘तुमच्या प्रभागात ४ जागा: अ, ब, क, ड. प्रत्येक जागेसाठी एक बटण.’

खाली मतदान यंत्राचं चित्र, चार जागांचे चार रंग, आणि तीन लहान ओळी. एका जागेसाठी एकच बटण. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’ दाबा. सगळ्या जागांची बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. लोक इथेच अडकतात: एका जागेचं बटण दाबून निघू लागतात, केंद्राध्यक्ष परत बोलावतो आणि रांग खोळंबते. चित्रात रंगासोबत अक्षरही ठळक ठेवा, रंग न ओळखणाऱ्यांना अक्षरच आधाराचं असतं.

प्रश्न: दृष्टिहीन मतदारांसाठी साइटवर ‘अ+ अ-’ची बटणं दिली आहेत. तेवढं पुरेल का?
(विशेष शाळेतील शिक्षिका)

नाही पुरणार. अक्षर मोठं करणं फोन स्वतःच करतो. तुमच्या विद्यार्थ्यांना लागतं ते स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) वाचता येईल असं पान: संगणकावर एनव्हीडीए, अँड्रॉइडवर टॉकबॅक. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि सरकारी वेबसाइट्सची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं या दोन्हींचा हाच आग्रह आहे.

पहिली तपासणी पानाच्या कोडची. भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली हवी. इंग्रजी नोंदवलेली असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि एक तर गप्प बसतो किंवा काहीतरी बरळतो. हिंदी नोंदवली तर काही फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात.

दुसरी तपासणी कॅप्चाची. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा म्हटलं की दृष्टिहीन मतदार तिथेच थांबला. आवाजी पर्याय द्या आणि तो मराठीत द्या. त्याहून चांगलं म्हणजे कॅप्चा काढून टाकून शोधांची संख्या सर्व्हरवर मर्यादित करा.

तिसरी, रंग. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीचं प्रमाण निदान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. पांढऱ्यावर भगवा सरकारी साइट्सना प्रिय आहे, पण नेहमीच्या भगव्या छटेचं प्रमाण जेमतेम २.१ भरतं. उन्हात फोन धरला की डोळस माणसालाही ते वाचता येत नाही. भगवा पट्टीला वापरा, मजकूर गडद ठेवा.

देवनागरीच्या आपल्या काही गरजा आहेत, त्या इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मोडून पडतात. मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नको, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून जास्त हवं, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, एक पिक्सेल वाढवला तरी शिरोरेषा तुटते. बटणाची उंची ठरावीक केली तर ‘नोंदणी’चा अनुस्वार किंवा ‘पुढे’चा उकार कापला जातो. उंची मोकळी सोडा आणि आतून जागा द्या. वजन कमी करायला फाँट छाटत असाल तर जोडाक्षरांचे तक्ते त्यासोबत उडणार नाहीत याची खात्री करा. ते उडाले की ‘प्रभाग’चा ‘प्‌रभाग’ होतो.

प्रश्न: इंग्रजी, हिंदी, उर्दू आवृत्त्याही हव्यात का?

मराठी आणि इंग्रजी तर हव्याच. अंबड, सातपूरच्या कामगार वस्त्यांसाठी हिंदी आणि जुन्या नाशकासाठी उर्दू असेल तर उत्तम, पण आपोआप भाषांतर करणारं बटण लावून मोकळं होऊ नका. ते ‘मत’चं ‘अभिप्राय’ आणि ‘प्रभाग’चं काहीही करतं. सहा प्रश्नांची सहा पानं माणसाकडून नीट भाषांतर करून घ्या, बाकी राहू द्या. उर्दू पान उजवीकडून डावीकडे मांडायला विसरू नका.

प्रश्न: चाचणीसाठी बजेट नाही. काय करता येईल?
(नगरपरिषदेतील अधिकारी, निफाड तालुका)

चाचणीला पैसे फारसे लागत नाहीत, दोन दिवस लागतात. पाच माणसं एका फेरीला पुरतात. त्यांत पहिल्यांदा मतदान करणारा मुलगा किंवा मुलगी, साठीपुढचे एक जण, लग्नानंतर पत्ता बदललेली महिला, भाड्याने राहणारा कामगार आणि टॉकबॅक वापरणारी व्यक्ती असावी. घरपट्टी भरायला रांगेत उभी असलेली माणसं विचारलं तर बहुधा तयार होतात.

त्यांचाच फोन, त्यांचाच डेटा वापरा. ऑफिसच्या वायफायवर सगळंच पटकन उघडतं. यादीतली खरी नावं वापरू नका, चाचणीसाठी बनावट नोंदी घाला, त्यांत ‘गोऱ्हे’ आणि ‘सुमनबाई’ मुद्दाम ठेवा. काम सांगताना साइटवरचे शब्द टाळा. ‘मतदान केंद्र शोधा’ म्हटलंत तर माणूस तेच शब्द असलेलं बटण दाबेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. ‘परवा मत द्यायला कुठे जाल ते यावरून सांगा’ असं म्हणा.

मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. माणूस अडला की हात पुढे जातो, तो आवरा. पहिलं बोट कुठे गेलं, कुठे थबकला, कोणता शब्द दोनदा वाचला, उत्तर बरोबर मिळालं का, एवढं लिहा. पाचांपैकी तिघे एकाच जागी अडले तर ती जागा दुरुस्त करून नव्या पाच जणांबरोबर दुसरी फेरी घ्या. यातून टक्केवारी काढून अहवालात घालू नका, पाच माणसांवरून टक्के निघत नाहीत. अधिकाऱ्यांना मात्र निदान एका चाचणीला शेजारी बसवा. माणूस समोर अडताना पाहिला की मेनूतली नावं बदलायला मंजुरी लवकर मिळते.

प्रश्न: मतदानाच्या दिवशी साइट बसते. सर्व्हर वाढवायचा का?

आधी पान हलकं करा. मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं आणि पहिल्या तासाभरात ‘बूथ कुठे’ हा एकच प्रश्न हजारो फोनवरून येतो. त्या दिवशी नेहमीचं होमपेज काढून ‘आज मतदान’ हे एक पान लावा: शोधपट्टी, वेळ, चालणारे पुरावे, हेल्पलाइन. सरकते फोटो नकोत, व्हिडिओ नको, सगळं मिळून ३०० केबीच्या आत. प्रभागवार बूथची यादी साध्या स्थिर पानांवर, दुसऱ्या सर्व्हरवर तयार ठेवा. शोध बंद पडला तरी ती चालू राहते.

शोधांवर मर्यादा घालताना नुसता आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, धरू नका. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे यादी खरवडून नेणारा थांबतो की नाही माहीत नाही, पण अख्ख्या वस्तीला ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ दिसतं. सेशन (एका माणसाची साइटवरची एक भेट) आणि शोधाचा वेग दोन्ही मिळून ठरवा.

मतदानाआधी सात दिवस कोडला हात लावणं बंद. आचारसंहिता लागली की पदाधिकाऱ्यांचे फोटो उतरवावे लागतात आणि त्या धावपळीत टेम्प्लेट मोडतं. मतदार माहितीच्या पानांवर फोटोंची जागाच ठेवू नका.

प्रश्न: निवडणूक झाली. आता जुनी पानं काढून टाकावीत का?

काढू नका, शिक्का मारा. २०२२ साली तीन सदस्यांच्या प्रभागांचा आराखडा निघाला आणि नंतर रद्द झाला. त्या वेळच्या नकाशांची पीडीएफ गूगलवर शोधणाऱ्यासमोर आजही येऊ शकते, आणि ती जुनी आहे हे तिच्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. अशा प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘रद्द’ किंवा ‘२०१७ ची निवडणूक’ अशी पट्टी आणि चालू पानाची लिंक द्या. पीडीएफ असेल तर पहिल्या पानावरच शिक्का घाला, कारण ती व्हॉट्सॲपवर एकटीच फिरते.

पत्त्यांचंही ठरवून टाका. बूथ शोधायच्या पानाच्या पत्त्यात वर्ष नको, दर निवडणुकीला तोच पत्ता राहू द्या. मतदार स्लिपवरचा क्यूआर कोड, शाळेच्या भिंतीवरचा फलक आणि लोकांनी सेव्ह केलेली लिंक पुढच्या वेळीही चालते. नव्या साइटवर जाताना जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पानाकडे कायमचं रीडायरेक्ट लावा. कंत्राटात हे काम वेगळी ओळ म्हणून लिहा आणि शेवटचा हप्ता देण्याआधी जुन्या लिंकांची यादी घेऊन एकेक दाबून बघा.